एकवीस दाखले

मे महिन्यात चाळीत शिरलं की लोक आम्हाला लांबूनच ओळखायचे. हातात शाळेची छापील पत्रकं, खांद्याला पिशवी, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. एकदा ओट्यावर बसलेल्या एका माणसाने विचारलं, "काय सर, मतं मागायला आलात की मुलं मागायला?" आसपासचे सगळे हसले. आम्हीही हसलो. मुलंच मागायला आलो होतो.

डोंबिवली पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मी आठ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. शाळा पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. चौथी पास झालेली मुलं आमच्याकडे आपण होऊन येत नव्हती, त्यांना आणावं लागायचं. परीक्षा संपल्या की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शिक्षकांना भाग वाटून देत. प्रत्येकाने आपल्या भागातून दहा मुलं पाचवीत आणायची. दहा झाली नाहीत तर जूनमध्ये पुन्हा फिरायचं. आणलेलं मूल टिकावं म्हणून त्याच्या वह्या, दप्तर, कधी कधी रिक्षाचं भाडंसुद्धा शिक्षकच घालायचे. त्याच गल्लीत दुसऱ्या शाळेचे शिक्षकही भेटत. मग एका शाळेचे पानटपरीपाशी थांबायचे आणि दुसरे बाहेर आले की आत जायचे. भांडण कधी झालं नाही. जो तो आपली तुकडी वाचवत होता.

आमचे चित्रकलेचे सर या कामात मुरलेले होते. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बजावलं होतं, "हे बघा, शब्द द्यायचा तो शाळेच्या नावावर. स्वतःच्या नावावर नाही. आपण काय, आज आहोत, उद्या बदली नाहीतर हार्ट अटॅक."

मी ते ऐकलं नाही. मला वाटायचं, शिक्षक म्हणजे शब्द देणारा माणूस. आमचं घर खडवलीचं. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. घंटा तेच वाजवायचे, फळे तेच पुसायचे आणि मी त्याच शाळेत पहिल्या बाकावर बसायचो. शाळेतल्या गुरुजनांनी मला पुस्तकं दिली, फॉर्म भरून दिले. एका सरांनी तर कल्याणच्या कॉलेजात स्वतः येऊन मला विज्ञान शाखेत बसवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीसुद्धा झालेलं नव्हतं. मी बी.एड. झालो तेव्हा वडिलांनी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि नंतर, सवयीने, रिकामे कप उचलून धुवायला घेऊन गेले. हे सगळं माझ्यावर होतं. अजूनही आहे. त्यामुळे चाळीतल्या दारात उभा राहून "मी आहे ना" असं म्हणताना मला खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही.

शाळा सोडण्याच्या दोन वर्षं आधी, मे महिन्यात माझ्या वाट्याला खाडीच्या बाजूच्या चाळी आल्या होत्या. एका घरात चौथी पास झालेली मुलगी होती. एक खोली, पण लख्ख आवरलेली. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि तिच्याशेजारी मुलीच्या वह्यांचा गठ्ठा. वडील रिक्षा चालवायचे, ते घरी नव्हते. आई एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि नुकतीच पहिली पाळी करून आली होती. तिने मला पाणी दिलं, माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि ते वरपासून खालपर्यंत वाचलं. छापखान्याची खालची बारीक ओळसुद्धा वाचली.

"मी नववीपर्यंतच शिकले, सर," ती म्हणाली. "पण वाचल्याशिवाय कुठेच सही करत नाही. कंपनीत बायका हसतात मला. म्हणतात, आली वकिलीण."

इंग्रजी शाळेचा फॉर्म तिने आधीच आणून ठेवला होता. तो तिने मला दाखवला. मी माझं नेहमीचं बोललो. मातृभाषेतून गणित पक्कं होतं, आमची सेमीची सोय आहे, दहावीचा निकाल चांगला आहे. ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

"निकाल राहू द्या. हिला गणित आवडतं. कॉर्पोरेशनच्या शाळेत दोन वर्षांत चार बाई बदलल्या. तुमच्याकडे गणिताला कोण राहणार?"

"मीच."

"कुठपर्यंत?"

"दहावीपर्यंत. माझी जबाबदारी."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला एक तोंडी गणित घातलं. तिने उत्तर दिलं आणि वर विचारलं, "सर, हे उलटं करून पण येतं ना?" मला मनापासून हसू आलं. तिच्या आईने इंग्रजी शाळेचा फॉर्म घडी घालून डब्याखाली सरकवला.

"शाळेकडे बघून नाही टाकत, सर. तुमच्या तोंडाकडे बघून टाकते."

त्या वर्षी माझी नऊ मुलं आली. त्यात ती होती.

पाचवीला मी तिचा वर्गशिक्षक होतो आणि सहावीलाही मीच. वर्गात एकवीस मुलं. ही मुलगी काही फार हुशार म्हणून आठवत नाही, हट्टी म्हणून आठवते. उत्तर बरोबर आलं तरी तिचं समाधान होत नसे, तेच दुसऱ्या रीतीने येतं का ते बघायची. डबा खाताना बोट ओलं करून बाकावर आकडे काढायची. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि चित्रकलेचे सर ओरडायचे, "आली बघा तुमची इन्स्पेक्टर!"

त्याच दोन वर्षांत मी नोकरी सोडायची तयारी करत होतो. हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, हे मला लिहायलाच हवं.

आमची तुकडी विनाअनुदानित होती. अनुदान येणार, येणार असं मी रुजू झाल्यापासून ऐकत होतो. अकरा महिने संपले की घरमालक भाडं वाढवायचा आणि आम्ही सामान बांधायचो. पाच वर्षांत चार घरं झाली, प्रत्येक वेळी स्टेशनपासून थोडं आणखी लांब. आम्हाला मुलगी झाली तेव्हा बायको म्हणाली, "हिला चालायला येईल तोवर एका घरात राहू या रे, एवढंच म्हणते मी." तिने याहून जास्त कधी काही मागितलं नाही. ती ठाण्याला, नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास होता. क्लासचे सर दात दाखवायला आले असताना तिने त्यांना विचारलं, गणिताच्या शिक्षकाला हे जमेल का. ते म्हणाले, त्यालाच जमेल.

मग वर्षभर मी रविवारी ठाण्याला जात राहिलो. दुसऱ्याने बनवलेला प्रोग्राम वापरून बघायचा, तो कुठे चुकतो ते शोधायचं आणि नीट लिहून काढायचं, असं ते काम. वह्या तपासून तपासून माझी नजर त्याला बसलेली होती. माझ्या बाकावर बसणारी मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. मला ते काम आवडलं, हेही खरं आहे. शाळेत मी कोणाला सांगितलं नाही. रविवारी मुलांचा जादा तास घ्यायचो तो बंद केला आणि कारण दिलं, माझ्या मुलीची तब्येत.

सहावीचं दुसरं सत्र सुरू असताना वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत माझी निवड झाली. मे महिन्यात रुजू व्हायचं होतं. पगाराचं पत्र बायकोने दोनदा वाचलं आणि आमच्या मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मी खडवलीला जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पगार ऐकून "चांगलं झालं, चांगलं झालं" असं दोनदा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग आता लोकांना काय सांगायचं? मुलगा काय आहे म्हणून?" मी सांगितलेला 'टेस्टर' हा शब्द त्यांनी म्हणून पाहिला, पण त्यांच्या तोंडात तो बसेना. शेवटी म्हणाले, "ऑफिसात आहे म्हणतो."

राजीनामा घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेलो. कारण लिहिलं होतं, वैयक्तिक. त्यांनी चष्मा काढला. त्यांना निवृत्त व्हायला एकच वर्ष राहिलं होतं.

"अहो सर, तुम्हाला माहीत आहे ना? संस्था तुमच्या जागी माणूस देणार नाही. त्यांना ही इमारत इंग्रजी शाखेला हवी आहे. गणिताला कोणी नाही म्हटलं की ते सातवी उघडणारच नाहीत. सहावीच्या मुलांना दाखले द्यायला सांगतील. मग बाकीचे वर्गही एकेक करून मिटतील. निमित्तच शोधत होते."

"बाई, मी नाही गेलो तर तुकडी राहील?"

"तुम्ही आहात तोवर त्यांना बंद करता येत नाही. पुढचं मी काय सांगू?"

मी घरी आलो. तीन दिवस विचार केला, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे विचार एकाच रात्रीत संपला होता. उरलेले दोन दिवस मी स्वतःला पटवत होतो. वर्ग मी बंद करत नव्हतो, संस्था करत होती. मी नोकरी बदलत होतो आणि ती सगळेच बदलतात. चौथ्या दिवशी मी मोठ्या बाईंना सांगितलं, राजीनामा कायम आहे. त्या "बरं" म्हणाल्या. मला थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तो त्यांनी करावा असं मला वाटत होतं, हे मला त्यांच्या केबिनबाहेर आल्यावर कळलं.

चित्रकलेच्या सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने अभिनंदन केलं. "आता काय बाबा, एसीत बसणार! इथला पंखा बंद पडला की आम्ही तुमची आठवण काढू." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "चांगलं केलंत. माझं वय असतं तर मीपण गेलो असतो. पण त्या इन्स्पेक्टरला कोण सांगणार?"

मी तिला सांगितलं नाही. वर्गातही सांगितलं नाही. निकालापर्यंत रोज नेहमीसारखा जात राहिलो आणि शेवटच्या धड्यापर्यंत सगळं शिकवलं. एवढी मेहनत मी कुठल्याच वर्षी केली नव्हती.

शाळेतून मुलाचं नाव काढायचं तर पालकाचा अर्ज लागतो. अर्जाशिवाय दाखला देता येत नाही आणि आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेने स्वतःहून काढायचं तर ते कायद्यात बसत नाही. म्हणून संस्थेने अर्जच छापून पाठवले. 'मी स्वेच्छेने माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.' खाली नाव आणि सही. निकालाच्या दिवशी पालकांना एकेक करून बोलावलं. पुढच्या शाळेची ओळख करून देऊ, असं मोठ्या बाई सांगत होत्या. वीस पालकांनी सह्या केल्या. काहींनी विचारलं, कुठे करायची? माझं बोट त्या जागेवर होतं.

त्या मुलीच्या आईने अर्ज हातात घेतला आणि वाचला. वाचून झाल्यावर टेबलावर ठेवला.

"मी कुठे मागितला दाखला?"

"अहो, वर्गच राहणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलीचं नुकसान होईल."

"मग तसं लिहा ना, वर्ग राहणार नाही म्हणून. माझी इच्छा कशाला लिहिता? माझी इच्छा तर ही इथेच शिकावी अशी आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही काही बोलत नाही?"

मी म्हणालो, "मी घरी येऊन समजावतो."

ती उठून गेली. मोठ्या बाईंनी माझ्या कार्यमुक्तीच्या पत्रावर हात ठेवला. ते टाइप होऊन तयार होतं, फक्त सही राहिली होती. "सर, वरून स्पष्ट सांगितलंय. एकवीस दाखले पूर्ण झाल्याशिवाय तुम्हाला सोडायचं नाही. ही मुलगी तुम्ही आणलीत, तुम्हीच बघा."

कंपनीला ते पत्र पहिल्या दिवशी हवं होतं. मध्ये आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. आईने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली. मी बोलायला लागलो. संस्था, इमारत, पट, कायदा. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"तुम्ही कुठे चाललात, सर?"

तोवर तिला कोणीतरी सांगितलंच होतं. मी सांगितलं, ठाण्याला. कंपनीचं कामही सांगितलं.

"पगार चांगला आहे?"

"आहे."

"मग जा की. मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. आमचे हे पण कंपनी सोडून रिक्षावर आले. माणूस पोटासाठी जातो." तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "पण तुम्ही तुमच्या राजीनाम्यात काय लिहिलंत? माझ्या पोरीच्या इच्छेने सोडतो म्हणून लिहिलं?"

"नाही."

"मग मी पण दुसऱ्याचं कारण नाही लिहिणार."

तिने मुलीच्या वहीतलं मधलं पान काढलं आणि जमिनीवर वाकून स्वतः अर्ज लिहिला. फार वेळ लागला. एक-दोनदा मला शब्द विचारला आणि मी सांगितला. गणिताचे सर नोकरी सोडून जात असल्याने शाळा सातवीचा वर्ग बंद करत आहे, मुलीला त्याच शाळेत शिकायचे आहे, वर्ग चालू राहणार नसेल तरच नाइलाजाने दाखला द्यावा, असा तो अर्ज होता. खाली पूर्ण नाव आणि सही.

"हा द्या बाईंना. आणि पोच आणून द्या मला. शिक्का मारलेली."

शाळेत आलेला कागद आवक नोंदवहीत चढवतात, त्यावर शिक्का आणि नंबर पडतो आणि देणाऱ्याला तशीच शिक्का मारलेली प्रत मिळते. ती म्हणजे पोच. ती हातात असली की शाळेला 'असा कागद आलाच नाही' म्हणता येत नाही. एवढं तिला कळत होतं. त्या अर्जावर शिक्का पडला असता तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित शिक्षण खात्यातून कोणी विचारायला आलं असतं आणि संस्थेला सातवी उघडावी लागली असती. मला माहीत नाही. ते कळायची सोय मी ठेवली नाही.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला. मग म्हणाल्या, "या आईचं काही चुकलेलं नाही." त्यांनी आवक नोंदवही बाजूला सारली. "हा आवकला चढला तर प्रकरण वर जाईल. चौकशी संपेपर्यंत तुम्हाला कोणी कार्यमुक्त करणार नाही. मलाही पेन्शनचे कागद करायचे आहेत, सर. मी तुम्हाला असंच करा म्हणून सांगत नाही." त्यांनी कागद माझ्या बाजूला सरकवला. "पालक समक्ष येऊन तोंडी बोलले असतील तर वर्गशिक्षकाच्या शेऱ्यावरही दाखला देता येतो. आपल्याकडे पूर्वी दिलेले आहेत."

आणि त्या डबा धुवायला नळावर गेल्या. नळ खिडकीखालीच होता. पाण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी अर्जाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीच्या पालकांनी समक्ष भेटून दाखल्याची तोंडी विनंती केली आहे.' खाली वर्गशिक्षक म्हणून सही केली, तारीख घातली. मग दाखल्यांचं पुस्तक ओढलं. संगणकावर नोंद होते, पण आमच्याकडे दाखले अजून हातानेच लिहायचे आणि ते काम कायम माझ्याकडे होतं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून. आधीचे वीस लिहून झालेले होते. हा एकविसावा.

मोठ्या बाई आल्या. ओला डबा त्यांनी टेबलावर पालथा घातला, माझा शेरा वाचला आणि फाईलला लावला. माझ्या पत्रावर सही केली. "भलं होवो तुमचं," असं त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

मुलीची आई दोन दिवसांनी दाखला न्यायला आली. दुसऱ्या शाळेत प्रवेशाची मुदत संपत आली होती. कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी काढून आल्याचं तिने सांगितलं. दाखला मीच दिला. तिने तो उभ्या उभ्या वाचला. कारणाच्या रकान्याशी तिची नजर थांबली, हे मला दिसलं.

"पोच?"

"बाई आज नाहीत. नंतर देतो."

मोठ्या बाई आतल्या खोलीत होत्या. फोनवर बोलत होत्या. त्यांचा आवाज बाहेर येत होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती ओरडेल. मी त्याची वाट बघत होतो. तिने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मिळाल्याची सही केली आणि विचारलं, "तुमचं काम झालं ना, सर?"

"झालं."

"मग बरं."

मी कंपनीत रुजू झालो. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मी शिक्षक होतो हे कळल्यावर मुलं गमतीने मला 'सर' म्हणू लागली. मी त्यांना तसं म्हणू नका म्हणून सांगितलं. काम नीट केलं. सहा महिन्यांत कायम झालो. आम्ही ठाण्यात, कोपरीला घर घेतलं, भाड्याचंच, पण मालकाने तीन वर्षांचा करार केला. आमची मुलगी त्या घरात पळायला आणि नंतर जिने चढायला शिकली. या नोकरीने मला जे दिलं त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे आणि हे लिहिताना मला कोणाला दोष द्यायचा नाही. आमच्या जुन्या इमारतीत आता इंग्रजी शाखेचे वर्ग भरतात. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. चित्रकलेचे सर अजून आहेत. त्यांना तिकडे घेतलं.

सामान लावताना बायकोला माझ्या फाईलमध्ये वहीचं ते पान सापडलं. मी सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाली, "फाड नाहीतर परत दे. घरात ठेवू नकोस हे."

फाडणं मला जमलं नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी डोंबिवलीला गेलो. दार उघडंच होतं. मुलगी भांडी पुसत होती. तिने मला पाहिलं आणि आत बघून हाक मारली, "आई, सर आलेत." आवाजात ना आनंद, ना राग. उंच झाली होती.

तिच्या आईने पाणी दिलं. चहा ठेवला. मी पान काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हा अर्ज मी दिलाच नव्हता."

"माहितीये."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"बाई आत बोलत होत्या, सर. मी बहिरी आहे का?"

"मग दाखला का घेतलात?"

"मग काय करू, पोरीला घरी बसवू?" तिने पान उचलून बघितलं, स्वतःचंच अक्षर वाचलं आणि गॅसच्या शेगडीखाली, जिथे ती जुने कागद ठेवत असावी, तिथे सरकवून दिलं. "तुम्हाला शाळेतून सुटायचं होतं. मला दाखला पाहिजे होता. झालं."

मुलगी आता स्टेशनच्या पलीकडच्या शाळेत जात होती. गणिताला कोण आहे, मी विचारलं. कोणी ना कोणी येतं, ती म्हणाली. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आता पीटीचे सर घेतात. हल्ली दुसऱ्या रीतीने करून बघतेस का, असं मी तिला विचारलं. "एकाच रीतीने करायचं सांगितलंय," ती म्हणाली आणि पातेलं पुसायला लागली.

मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. दर रविवारी सकाळी येईन, दोन तास बसेन, काही द्यायचं नाही, दहावीपर्यंत. 'दहावीपर्यंत' हा शब्द तोंडातून निघाला आणि मला तो परत घ्यावासा वाटला.

तिची आई चहा गाळत होती. तिने गाळणं बशीत ठेवलं.

"नको, सर."

"मी खरंच येईन."

"याल. तुम्ही वाईट नाही. पण पुन्हा तिला सवय लागेल आणि पुन्हा तुमचं काही निघेल. पोरीला एकदा कळलंय की कोणी कायम नसतं, आता तिला तसंच निभवायला शिकू दे." तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. आवाज चढलेला नव्हता. "त्यापेक्षा मला एक सांगा. तुम्ही ते ठाण्याला शिकलात, त्याला काय लागतं? किती शिकावं लागतं? मुली असतात तिथे?"

"असतात. निम्म्याहून जास्त मुलीच आहेत."

"मग ते सांगा. तिला लिहून घेऊ दे." आणि मुलीकडे वळून म्हणाली, "अगं, वही आण. कागदावर नको, वहीत लिही."

मुलीने हात पुसले, वही आणली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी सांगू लागलो. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं, गणित सोडायचं नाही. मग पदवी, नाहीतर डिप्लोमा. मग कोणता क्लास, तो कुठे, किती महिने. मुलाखतीत काय विचारतात. ती भराभर लिहीत होती, माझ्याकडे न बघता. आई मध्येच विचारायची, "इंग्रजी बोलावं लागतं का?", "रात्रपाळी असते का?" मी माहीत होतं ते सगळं सांगितलं. एवढ्या नीट मी बऱ्याच दिवसांत कोणाला काही सांगितलं नव्हतं. चहा तसाच राहिला.

एक पान भरलं. मुलीने पेन वर उचललं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पुढे, सर?"

"एवढंच," मी म्हणालो.

तिने खाली रेघ मारली आणि वही मिटली.